रिकाम्या टाकीचे ओझे



करंजीहून वणीला जाणारी एस. टी. मारेगावात थांबते. पावसाळ्यात तेथे उतरून चार पावले शेताकडे टाकली, की चपलेला काळी माती अशी चिकटते की प्रत्येक पायाला शेरभर वजन वाढल्यासारखे वाटते. हीच माती चैत्र-वैशाखात इतकी आकसते की तिच्या भेगांत हात सहज जावा. कपाशीला मानवणारी ही जमीन जमिनीखाली काही पुरून ठेवणाऱ्या माणसाला मात्र मानवत नाही. पावसाळ्यात ती फुगून रेटते, उन्हाळ्यात आकसून दूर सरते, आणि आत शिरलेले पाणी लवकर सोडत नाही.

अशा मातीत आपण काय काय पुरतो? पाण्याच्या नळ्या, सांडपाण्याच्या टाक्या आणि रस्त्याकडेच्या प्रत्येक पेट्रोल पंपाखाली पोलादाच्या मोठाल्या टाक्या. पंपाचे यंत्र आपल्याला दिसते, पण पेट्रोल असते ते आपण उभे असतो त्या फरशीखाली. टाकी नवी असते तेव्हा तिची निगा राखली जाते. पण पंप बंद पडला, रस्ता रुंद झाला, किंवा टाकी गंजून निकामी झाली, तर तिचे काय करायचे? झाकण लावून वर माती लोटली म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. रिकामी टाकी म्हणजे निरुपद्रवी टाकी, अशी ही समजूत. ती किती चुकीची आहे, आणि अशा टाकीला कायमचे निवृत्त करण्यासाठी अभियंत्यांनी इडलीच्या पिठासारखे हलके, फेसाळ काँक्रीट का निवडले, हे आज आपण पाहू.

जमिनीतून वर येणारी टाकी

हिशेबासाठी एक टाकी धरू. आडवी, नळकांड्यासारखी, व्यास २ मीटर, लांबी ६.४ मीटर. तिचे घनफळ ३.१४ × १ × १ × ६.४, म्हणजे जवळजवळ २० घनमीटर. एका घनमीटरात हजार लिटर, तेव्हा ही २०,००० लिटरची टाकी झाली. पेट्रोल पंपांवर या मापाच्या टाक्या पुष्कळ आढळतात. पोलादी पत्रा ६ मिलिमीटर जाडीचा धरला, तर टाकीचे स्वतःचे वजन सुमारे २ टन भरते. (पत्र्याचे क्षेत्रफळ काढून आणि पोलादाची घनता ७.८५ धरून तुम्ही हे पडताळून पाहा.)

ही टाकी खड्ड्यात बसवतात तेव्हा तिच्याभोवती आणि वर वाळू भरतात. वाळूतून पाणी झटकन जाते, पण तिच्या पलीकडची काळी माती पाणी जाऊ देत नाही. त्यामुळे मुसळधार पावसात हा खड्डा बुजवलेल्या हौदासारखा होतो. वरून वाळू दिसते, आत पाणी तुंबलेले असते, आणि त्या पाण्यात आपली टाकी बुडालेली असते.

आता आर्किमिडीज आठवा. द्रवात बुडालेल्या वस्तूने जेवढा द्रव बाजूला सारला असेल, तेवढ्या द्रवाच्या वजनाइतक्या बलाने ती वर ढकलली जाते. टाकीने २० घनमीटर पाणी बाजूला सारले आहे, म्हणजे वर ढकलणारे बल २० टनांचे. टाकीचे वजन अवघे २ टन. उरलेले १८ टन कोण तोलणार? वरची वाळू. टाकीच्या पाठीवर मीटरभर थर आहे असे धरा. टाकीच्या दोन्ही खांद्यांवरच्या कोपऱ्यांत बसलेली वाळू मिळवली, तर सुमारे साडेपंधरा घनमीटर वाळू टाकीला दाबून धरते. ओल्या वाळूच्या एका घनमीटराचे वजन १.९ टन असते, पण ती वाळूसुद्धा पाण्यात बुडालेली आहे, तेव्हा तिलाही पाणी उचलून धरते आणि तिचे कामी येणारे वजन ०.९ टनच उरते. साडेपंधरा गुणिले ०.९ म्हणजे १४ टन. वर ढकलणारे १८, खाली दाबणारे १४. चार टन कमी पडले! वाळूच्या घर्षणाने थोडा विरोध होईल, पण त्याच्या भरवशावर राहता येत नाही. जगात अनेक ठिकाणी रिकाम्या टाक्यांनी फरशी फोडून जमिनीबाहेर पाठ काढलेली आहे.

येथे एक गंमत लक्षात घ्या. टाकी पेट्रोलने काठोकाठ भरली तरी ती पाण्यापेक्षा हलकीच राहते. पेट्रोलची घनता ०.७४ च्या आसपास. २० घनमीटर पेट्रोल १५ टनांचे, त्यात पोलाद २ टन, एकूण १७. पाणी मात्र २० टनांनी वर ढकलते आहे. म्हणूनच टाकी बसवताना तिच्याखाली जड काँक्रीटचा चौथरा घालून पोलादी पट्ट्यांनी तिला जखडतात. पंप चालू असतो तोवर या पट्ट्यांवर लक्ष असते. टाकी सोडून दिली की लक्ष संपते, गंज मात्र चालूच राहतो. वीस-तीस पावसाळ्यांनी पट्टी कुठे आहे आणि कुठे नुसता तांबडा भुगा आहे, हे वरून कोण सांगणार?

आणि पट्टी गंजते तशी टाकीही गंजते. पत्र्याला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडते. आत काही लिटर पेट्रोल राहिले असेल तर ते झिरपते. चालू टाकीच्या बाबतीत ही गळती किती असू शकते ते पाहा. दर सेकंदाला एक थेंब, आणि थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरा. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटर, वर्षाला दीड हजार लिटरांहून जास्त. शेजारच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागेपर्यंत कोणाच्याही ध्यानात येत नाही. पुढे पत्रा इतका पातळ होतो की वरचे ओझे त्याला सोसत नाही. मग एके दिवशी कापसाने भरलेला ट्रक त्यावरून जातो आणि जमीन खचते. रिकामी टाकी पाण्यात वर येते आणि कोरड्यात खाली बसते, असे म्हटले तरी चालेल.

दीड लिटर पेट्रोल

याहूनही मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. पेट्रोल स्वतः जळत नाही, जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत ठराविक प्रमाणात मिसळलेली असेल तरच. हवेत पेट्रोलची वाफ शेकडा १.४ पेक्षा कमी असेल तर मिश्रण पेटत नाही, कारण इंधन अपुरे पडते. शेकडा ७.६ पेक्षा जास्त असेल तरीही पेटत नाही, कारण ऑक्सिजन अपुरा पडतो. या दोन आकड्यांमध्ये मात्र एक ठिणगी पुरे.

पेट्रोलने भरलेल्या टाकीत वरच्या मोकळ्या जागेत वाफच इतकी दाट असते की मिश्रण वरच्या मर्यादेपलीकडे जाते. टाकी उपसली की बाहेरची हवा आत शिरते, वाफ विरळ होते आणि मिश्रण नेमके धोक्याच्या पट्ट्यात उतरते. म्हणजे भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच उपसलेली टाकी अधिक घातक!

किती पेट्रोल मागे राहिले तर हे घडेल? २० घनमीटरचे शेकडा १.४ म्हणजे ०.२८ घनमीटर वाफ. एक लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर साधारण ०.२ घनमीटर होते. म्हणजे अवघे दीड लिटर. वीस हजार लिटरच्या टाकीत तळाला, कोपऱ्यात, गाळात दीड लिटर पेट्रोल राहणे मुळीच अवघड नाही. उलट ते न राहू देणेच अवघड. त्यात ही वाफ हवेपेक्षा अडीच ते चारपट जड, कारण हवेचा सरासरी रेणुभार २९ आणि पेट्रोलमधील पेंटेनचा ७२, ऑक्टेनचा ११४. ती वर उडून जात नाही. तळाशी साचून राहते, नळीतून शेजारच्या खड्ड्यात, गटारात उतरते. आणि पेट्रोलला वाफ होण्यासाठी ऊन लागत नाही. शून्याखाली ४० अंश सेल्सिअसलाही ते पेटण्याइतकी वाफ सोडते, मग मारेगावच्या मे महिन्यात काय होत असेल?

गावोगाव वेल्डिंगची दुकाने असतात. तेथे जुने तेलाचे पिंप कापून चुलीचा पत्रा किंवा गुरांचे पाण्याचे भांडे बनवतात. पिंपाला 'रिकामे' समजून गॅसकटर लावणे म्हणजे या दीड लिटरच्या हिशेबाकडे डोळेझाक करणे होय. दोनशे लिटरच्या पिंपाला तर दीड लिटरही लागत नाही. २० घनमीटरला १.४ लिटर, तर ०.२ घनमीटरला किती? १४ मिलिलिटर, म्हणजे तीन चहाचे चमचे. हा आकडा घरी, शेजारी, ज्यांचे हात या कामात आहेत त्यांना जरूर सांगा.

याच कारणास्तव आपल्या देशात अशी टाकी बसवणे किंवा काढणे हे कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याखाली आणि त्यावरील २००२ च्या नियमांखाली ते येते. या नियमांत ज्याची वाफ २३ अंशांखालीच पेटू शकते त्या इंधनाला 'अ' वर्ग दिलेला आहे, आणि पेट्रोल त्यात बसते. हे नियम अमलात आणणाऱ्या पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्य कार्यालय आपल्या विदर्भातच, नागपुरात आहे. टाकी वायुमुक्त झाल्याचे जाणकाराने तपासून लिहून दिल्याशिवाय तिच्यात माणूस उतरवायचा नसतो.

भरायचे, पण कशाने?

टाकी उकरून काढून नेणे हा सर्वांत चांगला उपाय, असे माझे मत आहे. टाकी गेली, तिच्याखालची माती तपासता आली, प्रश्न मिटला. पण टाकीवर इमारत उभी असेल, बाजूने हमरस्ता जात असेल, किंवा खोदताना शेजारचा पाया सुटण्याची भीती असेल, तर टाकी जागेवरच ठेवून आतून भरून टाकावी लागते. येथून खरा प्रश्न सुरू होतो.

पहिले नाव सुचते ते वाळूचे. स्वस्त, ओळखीची आणि गंजाला न जुमानणारी. पण वाळू ओतली की तिचा ढीग होतो, आणि ढिगाचा उतार सुमारे ३४ अंशांवर थांबतो. आपल्या टाकीला मधोमध एकच तोंड आहे. त्यातून वाळू ओतली तर २ मीटर उंचीचा ढीग दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर पसरून थांबेल. टाकीचे टोक मधल्या तोंडापासून ३.२ मीटरवर आहे. म्हणजे दोन्ही टोकांना वरच्या बाजूस मोठ्या पोकळ्या तशाच राहणार. माणसाला आत पाठवून फावड्याने वाळू सारावी म्हटले, तर आत्ताच पाहिलेली वाफ आठवा.

मग नेहमीचे काँक्रीट? तेही खडीमुळे फार वाहत नाही, त्याला दांड्याने किंवा कंपनयंत्राने हलवावे लागते. शिवाय वजनाचा हिशेब पाहा. टाकी बसवताना २० घनमीटर माती काढली, तिचे वजन सुमारे ३६ टन. त्या जागी काँक्रीट भरले तर घनमीटरला २.४ टनांप्रमाणे ४८ टन. पूर्वी जमिनीने कधी पेलले नव्हते एवढे ओझे आपण तिच्यावर टाकतो आहोत, आणि तेही भिजली की लोण्यासारखी मऊ होणाऱ्या काळ्या मातीवर. टाकी एका बाजूला कलली तर तिला जोडलेल्या नळ्या आणि वरची फरशी, दोन्ही मोडणार. याशिवाय ओले काँक्रीट भिंतींना बाहेर रेटते. २ मीटर खोलीला हा दाब चौरस मीटरला ४.८ टन होतो. गंजून कागदासारखा झालेला पत्रा तो कसा सोसेल?

तेव्हा हवे असे काहीतरी, जे पाण्यासारखे वाहून कानाकोपऱ्यात जाईल, भरताना हलके असेल, आणि काही तासांनी घट्ट होऊन जागा धरून बसेल. हे गुण एकत्र करण्याची युक्ती आपल्या स्वयंपाकघरात जुनीच आहे. इडलीचे पीठ आंबते तेव्हा त्यात असंख्य बुडबुडे अडकतात, आणि पीठ शिजून घट्ट झाले की बुडबुड्यांची जागा कायम राहते. सिमेंटच्या बाबतीत हाच प्रकार करायचा.

स्वीडनमध्ये आक्सेल एरिक्सन यांनी १९२३-२४ च्या सुमारास तो एका रीतीने केला. चुना मिसळलेल्या लगद्यात ॲल्युमिनियमची पूड घातली, तिच्यापासून हायड्रोजनचे बुडबुडे निघून लगदा फुगला, आणि मग तो दाबाखालील वाफेत पक्का केला. आपल्याकडे पुण्यात बी. जी. शिर्के यांनी आणलेले 'सिपोरेक्स' हे याच जातीचे. त्याच्या विटा हातात घेतल्यावर आश्चर्य वाटावे इतक्या हलक्या असतात. पण त्याला कारखाना लागतो. जागेवर ओतण्यासाठी दुसरी रीत आहे. सिमेंट व पाण्याची पातळ राबडी एकीकडे, दुसरीकडे यंत्राने दाट, टिकाऊ फेस तयार करायचा, आणि दोन्ही एकत्र घोळायचे. यालाच फेसकाँक्रीट म्हणतात. नाव काँक्रीट असले तरी त्यात खडी मुळीच नसते.

फेस साबणाचा चालत नाही, तो लवकर फुटतो. जुन्या पद्धतीत जनावरांची शिंगे आणि खूर यांतील प्रथिने विरघळवून केलेला द्रव वापरतात. प्रथिनांचे लांब रेणू बुडबुड्याभोवती चिवट कातडे तयार करतात आणि सिमेंट घट्ट होईपर्यंत ते टिकते. अग्निशामक दल पेट्रोलच्या आगीवर जो फेस मारते, त्याचा एक प्रकार याच शिंगा-खुरांपासून होतो. म्हणजे पेट्रोल विझवणारा आणि पेट्रोलची टाकी बुजवणारा, हे दोन फेस चुलतभाऊच झाले! आता कृत्रिम रसायनांचे फेसही निघाले आहेत.

एका घनमीटरसाठी एक साधे प्रमाण पाहू. सिमेंट २०० किलो, वीजकेंद्रातील राख २०० किलो, पाणी २०० लिटर. सिमेंटची घनता ३.१ व राखेची २.२ धरली, तर या तिन्हींची जागा मिळून ०.३५ घनमीटरच्या आसपास होते. उरलेले ०.६५ घनमीटर फेसाने भरायचे. फेसाचे वजन किरकोळ, तेव्हा एका घनमीटरचे वजन साधारण ६०० किलो. म्हणजे आपल्या भरावात जवळजवळ दोनतृतीयांश नुसती हवा आहे. सबंध टाकीला सिमेंटची ८० पोती आणि ४ टन राख पुरते. अशी राख मारेगावकरांना दुरून आणावी लागणार नाही. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीजकेंद्रात याच पट्ट्यातला कोळसा जळतो, आणि आपल्याकडचा कोळसा असा की दर तीन किलोंमागे सुमारे एक किलो राख उरते.

राख केवळ स्वस्ताईसाठी नव्हे. सिमेंट पाण्याशी संयोग पावते तेव्हा उष्णता बाहेर पडते. भिंतीच्या गिलाव्यात ती कळत नाही, कारण ती लगेच हवेत जाते. पण २० घनमीटरचा लगदा, तोही बुडबुड्यांमुळे रजईसारखा उष्णतारोधक झालेला! आतली उष्णता आतच कोंडते, लगदा चटका बसेल इतका तापतो, बुडबुड्यांतली हवा प्रसरण पावते आणि भराव तडकू शकतो. निम्मे सिमेंट काढून राख घातली की तापणे मंदावते.

आता तोच वजनाचा हिशेब पुन्हा मांडू. भराव १२ टन, पोलाद २ टन, मिळून १४. जमिनीने मुळात ३६ टन पेलले होते, तेव्हा खचण्याची भीती नाही. पावसात काय होईल? १४ टनांची टाकी, वर १४ टनांची वाळू, एकूण २८, आणि वर ढकलणारे बल २०. टाकी जागची हलत नाही, पट्ट्या गंजून गेल्या तरी. भिंतीवरचा दाब ४.८ ऐवजी १.२ टन. येथे फेसकाँक्रीट स्वतः पाण्यावर तरंगण्याइतके हलके आहे, तरी काम भागते, हे नीट समजून घ्या. कमी पडत होते ते केवळ ४ टन, आपण घातले १२.

हलके म्हणजे कमकुवत, हे मात्र खरे. या भरावाची ताकद चौरस मिलिमीटरला एक न्यूटनच्या आसपास, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलोग्रॅम. घराच्या स्लॅबचे काँक्रीट याच्या वीसपट मजबूत असते. पण ट्रकच्या चाकाखाली दाब चौरस सेंटिमीटरला सात-आठ किलो असतो, आणि मीटरभर वाळूतून खाली पसरत गेल्यावर तो पुष्कळच कमी होतो. तेव्हा एवढी ताकद पुरते. उलट पुढेमागे कोणाला तेथे पाया खणायचा झाला तर कुदळीने हे भरण निघू शकते.

काम कसे चालते

आधी टाकीतले सर्व पेट्रोल उपसायचे, मग तळाचा गाळ. नळ्या सोडवून वेगळ्या करायच्या. नंतर वाफ घालवायची. त्यासाठी एक सोपी रीत म्हणजे टाकी पाण्याने काठोकाठ भरणे. पण वीस हजार लिटर पाणी, आणि तेही वापरानंतर पेट्रोलने नासलेले, ओढ्यात सोडता न येणारे! उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ही रीत सोपी म्हणवत नाही. दुसरी रीत नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड सोडण्याची. गोठलेला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कोरडा बर्फ, एका किलोला सुमारे अर्धा घनमीटर वायू देतो. म्हणजे टाकीला निदान ४० किलो हवा. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्याने तळापासून साठत येतो आणि ऑक्सिजनला हुसकतो. स्फोट टळतो, पण आत उतरणारा माणूस गुदमरेल, हे विसरायचे नाही.

मापकयंत्राने खात्री झाली की भरणे सुरू. टाकीत पाणी राहिलेले नसावे, कारण ६०० किलोचे फेसकाँक्रीट हजार किलोच्या पाण्यावर तरंगेल आणि खाली पाणी कोंडून राहील. एकदम सगळे ओतायचे नाही, थराथराने ओतायचे. फार खोल थर एका वेळी टाकला तर वरच्या वजनाने तळचे बुडबुडे चिरडतात आणि भराव बसतो. टाकीची हवेची उभी नळी शेवटपर्यंत उघडी ठेवायची. आतली हवा आणि उरलीसुरली वाफ तिच्यातून उंचावर निघून जाते. त्या नळीतून राखी फेस वर डोकावला, की टाकी भरली.

कामाच्या जागी तपासणीचे साधन अगदी घरगुती असते. दहा लिटरची बादली काठोकाठ भरून तोलायची. आतला माल ६ किलो भरला तर ठीक. ८ किलो भरला, तर फेस फुटतो आहे.

नळ्यांनाही हाच न्याय. सोडून दिलेली रिकामी नळी म्हणजे जमिनीखालचा चोरदरवाजा. तिच्यातून वाफ, सांडपाणी, उंदीर, सर्व काही एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते, आणि मोठी नळी कोसळली तर वरचा रस्ता खचतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या १०० मीटर नळीत सात घनमीटर पोकळी असते. ती भरायची तर नेहमी खालच्या टोकाकडून. वरच्या टोकाकडून ओतले तर माल खाली धावतो, वर हवा अडकते आणि मधेमधे पोकळ्या राहतात.

मारेगावच्या शेजारची मोठी पोकळी

पोकळी भरून काढण्याची विद्या या भागाला अगदी नवी नाही. वणीजवळचे राजूर चुनाभट्ट्यांसाठी प्रसिद्ध, तसे कोळशासाठीही. वर्धा नदीच्या दोन्ही अंगांना, राजूर-घुग्घुसपासून चंद्रपूर-बल्लारपूरपर्यंत, जमिनीखालून कोळसा काढलेला आहे. कोळसा काढला की मागे पोकळी राहते, छत कोसळते, वरची जमीन बसते, आणि उरलेला कोळसा हवा लागून आपोआप पेटूही शकतो. म्हणून भारतातील भूमिगत खाणींत नदीची वाळू पाण्याबरोबर नळ्यांतून खाली सोडून पोकळी भरण्याची रीत पडली. तिच्यासाठी १९३९ साली स्वतंत्र कायदासुद्धा झाला. तेथे वाळूला ढीग होण्याची खोड आड येत नाही, कारण वेगाने वाहणारे पाणी तिला पुढे ढकलत नेते आणि मग झिरपून निघून जाते. बंद टाकीतून ते पाणी जाणार कोठे? एकच वाळू एका जागी योग्य आणि दुसऱ्या जागी अयोग्य ठरते ती अशी. आता नद्यांत वाळूच पुरेशी उरलेली नाही, म्हणून खाणींतही राखेकडे लक्ष गेले आहे.

फेसकाँक्रीटने पोकळी भरण्याचे जगातील सर्वांत मोठे काम इंग्लंडमध्ये बाथ शहराजवळ कूम डाउन येथे झाले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तेथून बांधकामाचा दगड काढला होता. वर वस्ती वाढली, आणि काही ठिकाणी घरे व खाण यांच्यामध्ये जेमतेम दोन मीटर दगड उरलेला आढळला. २००५ ते २०१० च्या दरम्यान सुमारे २५ हेक्टर खाणीत सहा लाख घनमीटर फेसकाँक्रीट ओतले गेले. म्हणजे आपल्या टाकीसारख्या तीस हजार टाक्या! त्या खाणीत दुर्मीळ वटवाघळे राहत होती. त्यांच्यासाठी काही बोगदे मुद्दाम न भरता मोकळे ठेवले.

आणि एक पोकळी तर आपल्या शिवारातच असते. पाणी न लागलेली, तशीच सोडून दिलेली कूपनलिका. लहान मुले तिच्यात पडल्याच्या घटना देशात वारंवार घडल्या, तेव्हा ११ फेब्रुवारी २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, अशी कूपनलिका माती, वाळू, दगडगोटे किंवा खोदताना निघालेला चुरा यांनी तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत भरलीच पाहिजे. नुसता दगड किंवा पोते तोंडावर ठेवणे पुरेसे नाही. तुमच्या शेतात किंवा वाटेवर अशी उघडी नळी दिसली तर जवळ न जाता ग्रामपंचायतीत कळवा.

करून पाहा

(पेट्रोल, रॉकेल यांचा प्रयोग मुळीच करायचा नाही. पाणी आणि वाळू पुरे.)

एका बादलीत निम्मी वाळू भरा. झाकण घट्ट लावलेली अर्ध्या लिटरची रिकामी प्लॅस्टिकची बाटली वाळूवर आडवी ठेवा आणि तिच्यावर दोन बोटे जाडीचा वाळूचा थर द्या. आता कडेने हळूहळू पाणी ओता. पाणी वाळूच्या वर येऊ लागले की बाटली थर फोडून वर येते का, ते पाहा. किती पाण्याला ती हलली याची नोंद करा. मग वाळूचा थर एकेक बोट वाढवत जा आणि किती थराला ती जागीच राहते ते शोधा. नंतर त्याच बाटलीत निम्मे पाणी भरून पहिल्या दोन बोटांच्या थराखाली पुन्हा पुरा.

दुसऱ्या बाटलीच्या कुशीला मधोमध रुपयाएवढे भोक पाडा, बाटली आडवी ठेवा आणि भोकातून नरसाळ्याने कोरडी वाळू ओता. वाळू थांबली की दोन्ही टोकांना किती जागा रिकामी राहिली ते पट्टीने मोजा आणि ढिगाचा उतार कोनमापकाने काढा. मग बाटली रिकामी करून त्याच भोकातून पातळसर भिजवलेले बेसन ओता. बेसन ओतताना भोक पूर्ण बंद झाले तर आत बुडबुडा अडकतो. तो बाहेर काढण्यासाठी दुसरे बारीक भोक बाटलीच्या कोणत्या जागी पाडावे, याचा विचार आधी कागदावर आकृती काढून करा.